नाताळ, पाठपिशवी आणि मित्र : प्रवासवर्णनातील सहप्रवाशाच्या स्थानाचा एक विचार

प्रस्तावना

प्रवासवर्णन हा आत्मपर ललित गद्याचा एक प्रकार म्हणून मराठी समीक्षेत स्थिरावला आहे. त्याची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. लेखकाचे व्यक्तिमत्त्व त्यात कितपत उमटले आहे हे एक, आणि पाहिलेला प्रदेश कितपत जिवंत झाला आहे हे दुसरे. या दोहोंच्या मध्ये पुष्कळदा एक तिसरी व्यक्ती उभी असते. ती लेखकाबरोबर चालते, त्याच ताटात जेवते, त्याच थंडीत कुडकुडते आणि जे लेखकाने पाहिले ते सारे स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. ही व्यक्ती म्हणजे सोबतचा मित्र. समीक्षेने तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

प्रस्तुत लेखात या सहप्रवाशाच्या स्थानाचा विचार केला आहे. त्यासाठी दोन युरोपीय प्रवासवर्णने आधाराला घेतली आहेत : पॅट्रिक ली फर्मर यांचे 'अ टाइम ऑफ गिफ्ट्स' (१९७७) आणि निकोला बुव्हिए यांचे 'ल्यूझाज द्यु माँद' (१९६३). पहिल्यात अठरा वर्षांचा एकटा तरुण पाठीवर पिशवी घेऊन निघतो आणि नाताळ परक्या घरी काढतो. दुसऱ्यात दोन मित्र मिळून निघतात आणि बर्फाने वाट अडवल्यामुळे सबंध हिवाळा परक्या गावात राहतात. दोन्ही पुस्तकांच्या बाबतीत एक विलक्षण साम्य आहे. त्या हिवाळ्याचे मूळ लेखन दोन्ही लेखकांच्या हातून गेले आणि पुढे ते आठवणीतून पुन्हा उभे करावे लागले. मित्र सोबत असणे आणि नसणे यांचा अर्थ या ठिकाणी सर्वांत स्पष्टपणे उलगडतो. मित्र हा प्रवासवर्णनातील केवळ एक पात्र नसून तो लेखकाची दुसरी स्मृती असतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी : पाठीवरच्या पिशवीचा प्रवास

आज 'बॅकपॅकिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवासप्रकाराची मुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जर्मनीत सापडतात. बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्स येथील विद्यार्थ्यांमधून 'वांडरफोगेल' ही चळवळ उभी राहिली. शहर सोडून, पाठीवर सामान घेऊन, गाणी म्हणत रानोमाळ भटकणे हा तिचा कार्यक्रम होता. रिचर्ड शिरमान या शाळामास्तरांना १९०९ मध्ये युवा वसतिगृहाची कल्पना सुचली आणि पुढे अल्टेनाच्या किल्ल्यात तिला स्थिर रूप मिळाले. एका रात्रीपुरता स्वस्त निवारा मिळू लागल्याने अल्प पैशांचा दूरचा प्रवास शक्य झाला. याच वसतिगृहांची संघटना १९३३ मध्ये नाझी राजवटीने आपल्या युवक संघटनेच्या ताब्यात दिली. मोकळ्या भटकंतीसाठी जन्मलेली संस्था शिस्तबद्ध कवायतीच्या हाती गेली, ही गोष्ट फर्मर यांचे पुस्तक वाचताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी १९७२ मध्ये पर्यटकांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात ठरीव मार्ग व वेळापत्रक टाळणाऱ्या भटक्या प्रवाशाचा स्वतंत्र वर्ग केला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस टोनी आणि मॉरीन व्हीलर हे दांपत्य लंडनहून आशिया ओलांडून ऑस्ट्रेलियाला पोहोचले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १९७२ रोजी, त्यांनी त्या भूमीवर पाऊल ठेवले. सिडनी गाठेपर्यंत त्यांच्यापाशी अवघे २७ सेंट उरले होते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्या अनुभवातून १९७३ मध्ये 'लोनली प्लॅनेट' या मार्गदर्शक पुस्तकांच्या मालिकेचा आरंभ झाला. पुढे भटक्यांचाही एक ठरीव मार्ग तयार झाला. गोव्यातील हणजूणचा किनारा हा त्या मार्गावरील नाताळचा एक परिचित मुक्काम ठरला. प्रस्तुत लेखातील दोन्ही प्रवास या घडामोडींच्या आधीचे आहेत. मार्गदर्शक पुस्तक हाती नसलेल्या काळात प्रवाशाला वाट दाखवणारे कोण होते, हा प्रश्न म्हणूनच येथे महत्त्वाचा ठरतो.

बिंगेनचा नाताळ

फर्मर डिसेंबर १९३३ मध्ये लंडनहून बोटीने हॉलंडला उतरले आणि तेथून इस्तंबूलच्या दिशेने पायी निघाले. आठवड्याला एक पौंड एवढ्यावर भागवायचे, असा बेत होता. त्यांच्या पाठीवरची पिशवी त्यांची स्वतःची नव्हती. मार्क ओगिल्व्ही-ग्रँट या परिचिताने ती उसनी दिली होती आणि रॉबर्ट बायरन यांच्यासमवेत तो ग्रीसमधील अथोस पर्वतावर गेला तेव्हा तीच त्याच्या पाठीवर होती. बायरन यांनी त्या प्रवासावर 'द स्टेशन' (१९२८) हे पुस्तक लिहिले आहे. एकट्याने निघालेल्या या मुलाच्या पाठीवर अशा रीतीने आधीच्या मित्रांचा एक सबंध प्रवास होता. एकटेपणाची ही सुरुवात वाटते तितकी एकटी नाही.

राइन नदीच्या काठाने चालत फर्मर नाताळच्या आदल्या संध्याकाळी बिंगेन या गावी पोहोचतात. सरायीत दुसरा मुक्कामी नाही. ज्या रात्री प्रत्येकजण आपापल्या घरी असतो, त्या रात्री दार ठोठावणारा हा परका मुलगा त्या कुटुंबाला काहीसा अनपेक्षितच असणार. तरीही ते त्याला आपल्यात घेतात. झाडाची सजावट, चर्चची प्रार्थना, गाणी या सर्वांत तो सहभागी होतो. एक संत्रे आणि चमकीच्या कागदात बांधलेले सिगारेटचे पाकीट अशी भेटही त्याला मिळते. आपल्यापाशी द्यायला काही नाही याची त्याला चुटपुट लागते. सामानातली एखादी नवी पेन्सिल कागदात गुंडाळून देता आली असती, हे त्याला सुचते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

हा प्रसंग पुस्तकात अल्प जागा व्यापतो, पण पुस्तकाच्या नावाचा उगम त्याच्याशी जोडलेला आहे. 'अ टाइम ऑफ गिफ्ट्स' हे शब्द लुई मॅकनीस यांच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या कवितेतून घेतले आहेत. कवितेचे नाव नाताळनंतरच्या बाराव्या रात्रीचे, म्हणजे सणाची समाप्ती करणाऱ्या रात्रीचे आहे. दानाचा काळ सरला असा तेथील भाव आहे. नावात दान आहे आणि त्या नावाच्या मुळाशी दान संपल्याची जाणीव आहे. १९३३ मधला मुलगा पहिली गोष्ट जाणतो. १९७७ मधला लेखक दुसरी जाणतो.

येथे सोबत मित्र असता तर काय घडले असते, हा प्रश्न समीक्षकाने विचारण्यासारखा आहे. दोन तरुण एकमेकांच्या संगतीत आपला सण साजरा करू शकतात. मेजावर दोघे बसलेले पाहून यजमानाला त्यांची कीव येत नाही. एकट्याच्या बाबतीत मात्र घराला आपले दार थोडे अधिक उघडावे लागते. मराठीत रूढ झालेला 'नाताळ' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि त्याचा मूळ अर्थ जन्म असा आहे. ज्या जन्माचा हा सण, त्या जन्माच्या कथेतही सरायीत जागा न मिळालेले प्रवासी आहेत. बिंगेनच्या सरायमालकाला ही कथा आठवली की नाही हे पुस्तक सांगत नाही. पण एकटा प्रवासी त्या रात्री ज्या कथेत शिरतो, ती कथा यजमानाच्या घरात आधीपासून आहे. एकट्याला मिळणारे आतिथ्य अधिक सखोल असते, ही पायी प्रवासाच्या वाङ्मयातील एक रूढ धारणा आहे. या प्रसंगाने तिला बळ मिळते. तथापि या लाभाची किंमत मोजावी लागते आणि ती पुढे म्युनिकमध्ये मोजली गेली.

हरवलेली पिशवी आणि पत्राचा मायना

जानेवारी १९३४ मध्ये म्युनिकच्या युवा वसतिगृहातून फर्मर यांची पिशवी चोरीला गेली. तिच्यात त्यांची रोजनिशी होती. लंडन सोडल्यापासूनच्या सर्व नोंदी, म्हणजेच बिंगेनचा नाताळसुद्धा, त्या रोजनिशीबरोबर गेला. त्यानंतरच्या प्रवासातील एक वही रुमानियात राहिली आणि १९६५ मध्ये त्यांना परत मिळाली, पण नाताळच्या रात्रीचा कोणताही लिखित पुरावा उरला नाही. संत्रे, चमकीचा कागद, न दिलेली पेन्सिल हे सारे तपशील चार दशकांनंतर स्मृतीतून आलेले आहेत.

यावरून दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. एका मतानुसार प्रवासवर्णन हे वाङ्मय असल्याने तपशिलाच्या खरेपणाचा प्रश्नच अप्रस्तुत आहे. दुसऱ्या मतानुसार पुरावा नसलेले वर्णन ही कल्पित कथाच होय. आर्टेमिस कूपर यांनी लिहिलेल्या चरित्रातून (२०१२) फर्मर यांनी काही प्रसंगांची मांडणी बदलली असल्याचे स्पष्ट झाल्यावर या वादाला अधिकच धार आली. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. पहिली भूमिका वाचकाने लेखकावर टाकलेला विश्वास विचारात घेत नाही. प्रवासवर्णनाचा वाचक 'हे घडले' या गृहीतकावर पुस्तक उघडतो आणि कादंबरीच्या वाचकाहून तो येथेच वेगळा असतो. दुसरी भूमिका स्मृती म्हणजे केवळ नोंदींची साठवण असे मानते. चाळीस वर्षे एखादे संत्रे लक्षात राहते याचाही काही अर्थ असतो.

फर्मर यांनी स्वतः या अडचणीवर काढलेला मार्ग पुस्तकाच्या आरंभीच दिसतो. 'अ टाइम ऑफ गिफ्ट्स' ची सुरुवात झॅन फील्डिंग यांना लिहिलेल्या प्रदीर्घ पत्राने होते. फील्डिंग हे दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त क्रीट बेटावर फर्मर यांच्यासारखेच गुप्त कामगिरीवर असलेले मित्र. १९३३ च्या प्रवासात ते नव्हते, तेव्हा त्यांची ओळखही नव्हती. जो मित्र सोबत नव्हता त्यालाच लेखक आपला श्रोता करतो आणि मग त्याच्यासमोर तो प्रवास मांडतो. सहप्रवासी नसल्याची उणीव संबोधनाने भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. मित्राला सांगताना माणूस थोडे रंगवतो, पण ज्याने आपल्याला संकटात पाहिले आहे अशा मित्रासमोर फार खोटे बोलणेही कठीण जाते. पत्राचा मायना हा केवळ शैलीचा अलंकार मानणाऱ्या समीक्षकांनी त्यातील ही नैतिक बाजू पाहिलेली नाही. साक्षीदार नसलेल्या लेखकाने स्वतःवर नेमलेला तो एक पहारेकरी आहे.

हायडेलबर्ग : मित्र आणि शत्रू

बिंगेननंतर काही दिवसांनी फर्मर हायडेलबर्गला 'रेड ऑक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या सरायीत उतरतात. मालक श्पेंगेल कुटुंब त्यांना वर्षअखेरीच्या रात्री रस्त्यावर जाऊ देत नाही. घरचा मुलगा फ्रिट्झ त्यांना गाव आणि किल्ला दाखवतो. त्याच सरायीत नाझी विचारांचा एक तरुण या इंग्रज मुलाला डिवचतो. राजा व देशासाठी लढणार नाही असा जो ठराव ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये संमत केला होता, त्याचा उल्लेख करून तो त्याची खिल्ली उडवतो. एका छताखाली, एकाच सणात, एक तरुण मित्र होतो आणि एक शत्रू.

याच प्रकरणाला जोडलेल्या एका टिपेत लेखकाने नंतर मिळालेली माहिती दिली आहे. फ्रिट्झ १९४० मध्ये नॉर्वेच्या लढाईत मारला गेला. फर्मर ज्या आयरिश गार्ड्स रेजिमेंटमध्ये दाखल झाले होते, तिची पहिली तुकडी त्याच मोहिमेत समोरच्या बाजूने लढत होती. ही टीप कोणतेही भाष्य न करता दिलेली आहे आणि तिच्यामुळे मागचे सारे प्रकरण वेगळे दिसू लागते. सरायीतील उबदार रात्र खरी होती आणि सहा वर्षांनी घडले तेही खरे होते. प्रवासवर्णनातील मैत्री ही प्रवासापुरती असते असे म्हणण्याची रीत आहे. येथे ती इतिहासाच्या हाती सापडते.

क्रीटमधील एका प्रसंगातही हीच गुंतागुंत आढळते. १९४४ मध्ये फर्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनरल क्राइपे या जर्मन सेनाधिकाऱ्याचे अपहरण केले. डोंगरातून त्याला नेत असताना एका पहाटे बर्फाच्छादित शिखर पाहून जनरलने होरेसच्या एका लॅटिन कवितेची सुरुवात पुटपुटली आणि फर्मर यांनी ती कविता पुढे शेवटापर्यंत म्हटली. कैदी आणि त्याचा पहारेकरी क्षणभर एकाच पाठशाळेतील विद्यार्थी झाले. फर्मर यांनी हा प्रसंग चालताना मुखोद्गत कविता म्हणण्याच्या सवयीच्या ओघात सांगितला आहे. पाठीवरची पिशवी चोरीला जाऊ शकते, पाठ केलेली कविता जात नाही, असा एक अर्थ त्यातून निघतो. एकट्या प्रवाशाचा तो सोबतीच आहे.

तबरीझचा हिवाळा : 'आम्ही' चे व्याकरण

निकोला बुव्हिए आणि चित्रकार तिएरी व्हर्ने हे जिनिव्हाचे दोन मित्र. १९५३ च्या उन्हाळ्यात युगोस्लाव्हियात दोघे एकत्र आले आणि एका जुन्या, छोट्या फियाट टोपोलिनो मोटारीतून पूर्वेकडे निघाले. चढावर तिला ढकलावे लागे. हाताशी दोन वर्षांचा वेळ आणि चार महिन्यांपुरते पैसे असा हिशेब होता. वाहन असले तरी या प्रवासाची वृत्ती पाठपिशवीचीच आहे : कमी सामान, कमी पैसे, वाटेत काम करून पोट भरणे. बुव्हिए यांनी लेख, व्याख्याने व शिकवण्या केल्या. व्हर्ने यांनी चित्रे विकली. दोघांनी मिळून वाद्येही वाजवली.

इराणमधील तबरीझ येथे हिवाळ्याने त्यांना गाठले. बर्फामुळे पुढची वाट बंद झाली आणि वसंत ऋतूपर्यंत त्यांना तेथेच राहावे लागले. मुक्काम आर्मेनियन वस्तीत होता. आर्मेनियन चर्च ख्रिस्तजन्माचा सण ६ जानेवारीला पाळते. २५ डिसेंबर ही तारीख त्या वस्तीतील चर्चच्या दिनदर्शिकेत सणाची नाही. ख्रिस्ती वस्तीत राहूनही नाताळ आपल्या दिवशी येत नाही, हा परकेपणाचा एक सूक्ष्म प्रकार आहे. बिंगेनमध्ये फर्मर यांना परकी भाषा आणि ओळखीचा सण मिळाला. तबरीझमध्ये सणाचा दिवसच सरकलेला होता. अशा ठिकाणी घराशी असलेला शेवटचा दुवा म्हणजे शेजारच्या खाटेवर झोपलेला मित्र.

पुस्तकाचे निवेदन प्रथमपुरुषी असून त्यात अनेकवचन वारंवार येते. मराठी वाचकाला येथे एक गोष्ट विशेषत्वाने जाणवावी. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन भिन्न शब्द आहेत. 'आम्ही' ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, 'आपण' त्याला आत घेतो. फ्रेंच व इंग्रजी सर्वनामांत हा भेद नाही. बुव्हिए यांच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्यास वाक्यावाक्याला हा निर्णय घ्यावा लागेल आणि बहुतेक ठिकाणी 'आम्ही' च योग्य ठरेल, कारण तेथे दोन मित्रांचे एक बंद वर्तुळ आहे. दुसरीकडे फर्मर यांचे 'मी' हे पत्रातले 'मी' असल्याने मित्रापुरते व मित्रामागून वाचकापुरते 'आपण' कडे झुकते. एकट्याचे पुस्तक वाचकाला सोबत घेते, जोडीचे पुस्तक त्याला दारातून पाहू देते. ही निष्पत्ती अपेक्षेच्या उलट आहे, पण ती दोन्ही पुस्तकांच्या रचनेतून निघते.

या 'आम्ही' मध्ये दुसऱ्या मित्राचा आवाज दबला गेला असेल का, ही शंका रास्त आहे. तिचे एक उत्तर पुस्तकाच्या पानांवरच मिळते. बुव्हिए यांचे पुस्तक १९६३ मध्ये जिनिव्हात स्वखर्चाने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात व्हर्ने यांची काळ्या शाईतील रेखाचित्रे होती. ही चित्रे मजकुराची सजावट करत नाहीत. लेखक ज्या रस्त्याबद्दल लिहितो, त्याच रस्त्याकडे दुसऱ्या कोणी कसे पाहिले हे ती दाखवतात. वाचकाला एकाच पुस्तकात दोन साक्षी मिळतात.

क्वेट्टा येथील घटनेमुळे या साक्षीचे मोल वाढते. तबरीझच्या हिवाळ्यात बुव्हिए यांनी लिहिलेले हस्तलिखित तेथील मुक्कामात नोकराने केरात टाकले. कचऱ्याच्या ढिगाऱ्यात शोध घेऊनही ते परत मिळाले नाही. फर्मर यांच्याप्रमाणेच येथेही हिवाळ्याची पाने गेली. फरक एवढाच की या वेळी त्या हिवाळ्याचा दुसरा साक्षीदार जिवंत होता, त्याची चित्रे होती आणि त्याने घरी पाठवलेली पत्रे होती. व्हर्ने यांची ती पत्रे २००६ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि दोघांचा परस्पर पत्रव्यवहार २०१० मध्ये. तोवर दोघेही हयात नव्हते. व्हर्ने १९९३ मध्ये आणि बुव्हिए १९९८ मध्ये निवर्तले. तबरीझचा हिवाळा आता दोन्ही बाजूंनी वाचता येतो. बिंगेनची रात्र वाचता येत नाही.

काबूलला दोघे वेगळे झाले. व्हर्ने यांची वाग्दत्त वधू श्रीलंकेला येणार होती. ते तिकडे निघाले. बुव्हिए एकटेच खैबर खिंडीपर्यंत गेले आणि तेथे पुस्तक संपते. १९५५ मध्ये श्रीलंकेतील गॉल येथे त्यांनी एकट्याने काढलेल्या आजारी, विमनस्क महिन्यांवर त्यांनी पुढे 'ल प्वासाँ-स्कॉर्पियाँ' हे पुस्तक लिहिले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली असता एकच लेखक जोडीने आणि एकट्याने जगाकडे कसा पाहतो हे कळते. पहिल्यात जग विस्तारत जाते. दुसऱ्यात ते एका खोलीएवढे होते आणि भिंतीवरचे कीटक हेच सोबती ठरतात. एकट्याला दारे अधिक उघडतात हे बिंगेनवरून काढलेले अनुमान गॉलमध्ये टिकत नाही. दार उघडणारे कुटुंब भेटले नाही, तर एकटेपणा हा केवळ एकटेपणा राहतो.

एक प्रवास, दोन पुस्तके

सहप्रवाशाच्या साक्षीचा सर्वांत टोकाचा नमुना १९३५ च्या एका प्रवासात मिळतो. इंग्लंडचे पीटर फ्लेमिंग आणि स्वित्झर्लंडच्या एला मायार यांनी पेकिंगहून सिंक्यांगमार्गे काश्मीरपर्यंत सुमारे सात महिन्यांचा प्रवास एकत्र केला. त्यावर फ्लेमिंग यांचे 'न्यूज फ्रॉम टार्टरी' (१९३६) आणि मायार यांचे 'ओआझिस अँतर्दित' (१९३७) अशी दोन पुस्तके आली. दोघांनीही त्याआधी एकट्याच्या प्रवासाचा पुकारा करणाऱ्या नावांची पुस्तके लिहिली होती, हा योगायोग फ्लेमिंग यांनी स्वतःच विनोदाने नोंदवला आहे. एकाला परतण्याची घाई आहे, दुसरीला रेंगाळण्याची ओढ. एकाच मुक्कामाचे वर्णन एका पुस्तकात खोळंबा म्हणून येते, दुसऱ्यात लाभ म्हणून. दोन्ही खरे आहेत. केवळ एकच पुस्तक वाचणाऱ्याला मात्र ते कळणार नाही.

याच्या उलट ग्रॅहम ग्रीन यांच्या 'जर्नी विदाउट मॅप्स' (१९३६) मध्ये सबंध लायबेरिया सोबतीने तुडवणारी चुलत बहीण बार्बरा जवळजवळ अदृश्य आहे. तिचे स्वतःचे पुस्तक १९३८ मध्ये आले, तेव्हा आजारी ग्रीन यांच्याकडे बाहेरून पाहणारी नजर वाचकाला मिळाली. सहप्रवाशाला गाळणे ही लेखकाची निवड असते आणि समीक्षेने ती निवड म्हणूनच तपासली पाहिजे.

मराठी संदर्भ

मराठी प्रवासवर्णनाच्या आरंभकाळातील एक थोर ग्रंथ या चर्चेच्या मध्यभागी ठेवता येतो. वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांसमवेत १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे पायी निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. परतताना खांद्यावर गंगाजलाची कावड होती. 'माझा प्रवास' हे लेखन त्यांनी सुमारे पाव शतकानंतर, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून केले आणि ते १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. येथेही मधला काळ दीर्घ आहे, येथेही लेखन स्मृतीतून झाले आहे. झाशीच्या वेढ्याच्या संदर्भात या ग्रंथाच्या ऐतिहासिक प्रामाण्याची चर्चा बरीच झाली. परंतु जे काका सर्व प्रसंगी सोबत होते, त्यांच्या नजरेचा विचार क्वचितच झाला. त्यांनी काही लिहिले नाही. म्हणून गोडसे भटजींच्या पानांवर ते कुठे बोलतात, कुठे गप्प आहेत, कुठे घाबरतात हे बारकाईने वाचण्याची गरज उलट वाढते.

आधुनिक मराठी प्रवासवर्णनात सहप्रवासी बहुधा विनोदाचे साधन म्हणून येतो. विसरभोळा मित्र, खरेदीत रमलेली मंडळी, भाषेची फजिती या परिचित युक्त्या आहेत. त्यांनी वाचन रंजक होते, पण दुसऱ्या माणसाने तोच प्रदेश वेगळा पाहिला असेल ही शक्यता त्यामुळे झाकली जाते. पदवी व पदव्युत्तर वर्गांत प्रवासवर्णन शिकवताना लेखकाची निरीक्षणशक्ती, भाषाशैली, निसर्गवर्णन या ठरीव मुद्द्यांबरोबर 'सोबत कोण होते आणि त्याचे काय झाले' हा साधा प्रश्न विचारला गेल्यास या वाङ्मयप्रकाराचे वाचन अधिक सजग होईल.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) सहप्रवासी मित्र प्रवासवर्णनात तीन रूपांनी येतो : फील्डिंग यांच्याप्रमाणे श्रोता, व्हर्ने यांच्याप्रमाणे सहकर्ता आणि मायार यांच्याप्रमाणे स्वतंत्र साक्षीदार. या तिन्ही रूपांत तो लेखकाच्या स्मृतीवर अंकुश ठेवतो आणि तिला आधारही देतो.

(२) एकट्या प्रवाशाला अधिक आतिथ्य लाभते ही धारणा सरसकट स्वीकारता येत नाही. बिंगेन तिला पुष्टी देते, गॉल तिला छेद देते. निर्णायक गोष्ट प्रवाशाचा एकटेपणा ही नसून यजमानाची वृत्ती ही आहे. प्रवासवर्णनाचे श्रेय लेखकाला देताना दार उघडणाऱ्या त्या घराचाही वाटा मोजला पाहिजे.

(३) नाताळसारखा सण हा परदेशातील प्रवाशाच्या परकेपणाची कसोटी असतो. त्या दिवशी कोण कोणाच्या मेजावर बसले यावरून प्रवासी त्या प्रदेशात पाहुणा म्हणून राहिला की केवळ ग्राहक म्हणून, हे स्पष्ट होते.

(४) ज्या प्रवासाला दुसरा साक्षीदार उपलब्ध आहे, त्याच्या अभ्यासात त्याची पत्रे, चित्रे व लेखन यांना मूळ संहितेइतकेच स्थान दिले जावे. जेथे तो उपलब्ध नाही, तेथे संहितेतील त्याच्या मौनाचे वाचन व्हावे.

फर्मर यांना दिलेले संत्रे कोणी पाहिले, याला आज कोणी साक्षीदार नाही. त्या सरायीतील कुटुंबाचे पुढे काय झाले हे पुस्तकातून कळत नाही. हायडेलबर्गच्या फ्रिट्झचे काय झाले ते कळते. ज्यांनी दिले ते गेले, ज्याने घेतले त्याने चाळीस वर्षांनी लिहून ते परत केले. न दिलेल्या पेन्सिलीची ती उशिरा झालेली फेड आहे आणि तिचा खरेपणा तपासताना समीक्षेने हे ऋण विसरता कामा नये.